कडीची झडप

सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की काका मला एकदा नमस्कार करायचे. मंगळवारी मी केला तर उत्तर नाही. बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. मी नोकरीत नवी, पेणहून रोज एसटीने रोह्याला येणारी, डिप्लोमाची शाई अजून ओली. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. शुक्रवारपर्यंत दम काढला आणि मग विचारलंच, "काका, रागावलात का माझ्यावर?"

"सोमवारी नमस्कार केला होता ना?"

"हो."

"नंतर मी तो बंद केला का?"

"नाही."

"मग तो चालूच आहे. चालू असलेली गोष्ट रोज रोज कशाला ढकलायची?"

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा सोल्डरिंगला लागले. हात जोडले मी! पुढची सहा वर्षं त्या दुकानात काढली, तेव्हा रविवारी नमस्कार आपोआप संपतो आणि सोमवारी नवा मिळतो, हे अंगवळणी पडलं. काकांना कुणी चक्रम म्हणायचं, कुणी विक्षिप्त. रोह्याच्या बाजारात त्यांचं नाव पडलं होतं मिलीकाका. मिली म्हणजे मिलीअँपिअर. विजेचा हजारावा हिस्सा वाया गेला तरी या माणसाच्या पोटात दुखायचं.

दुकान तसं रेडिओ, पंखे, मिक्सर दुरुस्त करायचं. पण काकांचा जीव होता झडपांमध्ये. पाण्याच्या नळावर बसवायची विजेची झडप, जिला सगळे वॉल्व्ह म्हणतात. तारेच्या वेटोळ्यात वीज सोडली की आतली दांडी वर उचलली जाते आणि पाणी सुटतं. वीज बंद केली की दांडी खाली, पाणी बंद. सोपं काम आहे, पण पाणी चालू असेपर्यंत वीजही चालू ठेवावी लागते. आणि हेच काकांना बघवत नसे.

माझी मुलाखत झाली ती याच विषयावर. मी सर्टिफिकेटांची फाइल पुढे केली, तर ती त्यांनी उघडलीही नाही.

"रात्री घराचं दार बंद कोण ठेवतं?" काकांनी विचारलं.

"बाबा."

"बाबा रात्रभर दार धरून उभे असतात?"

"नाही हो. कडी लावतात."

"कडी काय खाते?"

"काही नाही."

"मग कंपन्यांच्या वॉल्व्हने काय पाप केलंय, की त्याने दिवसभर दार धरून उभं राहायचं?"

मी म्हटलं, "त्याला पण कडी लावायला हवी." बस्स, झाली नोकरी पक्की. फाइल तशीच बंद परत मिळाली. त्या दिवसापासून मला नाव पडलं 'डिप्लोमा'. "डिप्लोमा, चिमटा दे." "डिप्लोमा, चहा सांग." माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

कडीची झडप ही काही काकांनी शोधलेली नाही, तशी ती बाजारात मिळत होती. तिच्या आत एक लोहचुंबक असतं. एकदा विजेचा झटका दिला की दांडी वर जाते आणि चुंबक तिला धरून ठेवतं, पुढे वीज लागतच नाही. बंद करायची तर तारा उलट करून आणखी एक झटका द्यायचा. काकांची कारागिरी होती ती झटका देणाऱ्या सर्किटमध्ये. टॉर्चच्या चार मोठ्या सेलांतून ते थेंब थेंब वीज काढायचे, कपॅसिटरमध्ये साठवायचे आणि पुरेशी साठली की एका क्षणात सोडायचे. चार सेलांवर उन्हाळाभर पाणी. "हळूहळू जमव, एकदम दे, आणि मग गप बस," असं ते म्हणायचे. त्यांचा संसारही असाच चालायचा.

संसार म्हणजे काकू. काकू पेणच्याच, पोह्याच्या पापडांच्या घरातल्या, आणि बोलायला बसल्या की आगगाडी. काका त्यांच्याबद्दल एवढंच म्हणत, "ही थेट मेनवर आहे, हिला बॅटरी लागत नाही." काकू भडकायच्या आणि दुप्पट बोलायच्या. काका शांतपणे ऐकून घ्यायचे. सव्वा तासानंतर एक शब्द बोलायचे, "बरं." काकूंना तेवढा पुरायचा. कसा पुरायचा ते मला तरी उमगलं नाही.

याच पापडांनी काकांची नोकरी घालवली. आधी ते रोह्याजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात होते. तिथे शेकडो झडपा, सगळ्या दिवसभर वीज खाणाऱ्या, हात लावला तर चटका बसावा इतक्या तापलेल्या. काकांनी साहेबांना चार वेळा लेखी कळवलं, ही वीज फुकट जाते आहे. साहेब म्हणाले, चालू द्या. मग आला जुलै. पेणला काकूंच्या माहेरी पापड वाळेनात, बुरशी यायची वेळ आली. काकांनी काय करावं? स्टीलच्या डब्यातून ओले पापड कारखान्यात नेले आणि सकाळच्या शिफ्टला एकेका झडपेच्या कॉइलवर एकेक पसरून ठेवला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खडखडीत! ते एका ताटात रचून काका साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हणाले, "साहेब, आपला कारखाना पापड वाळवण्याचा आहे. जाता जाता रसायनंही बनवतो."

साहेबांना विनोद आवडला नाही. राजीनामा त्याच दिवशी झाला. पण गंमत पुढेच आहे. आठ दिवसांनी काका साहेबांच्या घरी तेच पापड तळून घेऊन गेले, मुलांना दिले, चहा पिऊन आले. मी विचारलं, कशाला गेलात? तर म्हणाले, "कॉइलची वीज तोडली की ती उलटी लाथ मारते. तिला जायला वाट ठेवली नाही तर सर्किट जळतं. माणूस सोडतानाही तेवढी वाट ठेवावी." कारखाना सोडून वर्षं झाली तरी डोक्यात सर्किटच!

दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा त्यांनी काढून टाकला होता. "मला सेकंद लागत नाहीत, त्याला कशाला पळवू?" तोंडात पूर्ण कवळी होती, वरची आणि खालची, पण ती फक्त खाण्यापुरती. एरवी कवळी पेल्यात आणि काका बोळक्या तोंडाने हिशेब करताहेत, असा देखावा. आणि मोजायचं तर सगळं. जिन्याला पायऱ्या किती, चहाचे घोट किती, पेण ते रोहा एसटीला हिसके किती. एकदा मी शिंकले तर म्हणाले, "आज चौथी." मी अशी चिडले होते!

त्यांचा सगळ्यात मोठा राग मात्र बत्तीवर. प्रत्येक यंत्रावर तो एक लाल दिवा असतो ना, चालू आहे म्हणून सांगणारा? तो. "बत्ती म्हणजे घरजावई," काका म्हणायचे. "काम शून्य, जेवण दोन्ही वेळचं आणि तोंड असं की घर आपणच चालवतोय." दुकानात दुरुस्तीला आलेल्या टेपरेकॉर्डरचीसुद्धा बत्ती ते कापून ठेवायचे. गिऱ्हाईक भांडायचं. मग मी परत जोडून द्यायची. इथेच पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ आहे, आणि ते मूळ मी आहे, हे आत्ताच कबूल करते.

होळीच्या आधी आठ-दहा दिवस एक बाई दुकानात आल्या. पन्नाशी उलटलेल्या, गुडघ्याला पट्टा, हातात पितळेची एक भलीमोठी चावी. ती चावी त्यांनी काउंटरवर ठेवली. नाव पारूबाई. गडबहून डोंगराकडे आत गेलं की त्यांची वाडी लागते. वाडीच्या डोक्यावर टेकडीत पाण्याची टाकी आहे. टाकीपासून दोन पाइप निघतात, एक वरच्या आळीला, एक खालच्या आळीला. पहाटे पाच ते सहा वरची आळी, सहा ते सात खालची, आणि संध्याकाळी उलटं. दोन्ही वेळा टेकडी चढून त्या चावीने वॉल्व्ह फिरवून पाणी सोडायचं काम पारूबाईंचं.

"माज्या जाग्याव एक मशीन बसवा," त्या म्हणाल्या. "खांब गावाला तुमी रोपांच्या बागेत बसवलाव, तसा."

"तिथे वीज आहे?" काकांनी विचारलं.

"टाकीव कुठली वीज? वाडीतच असते नसते."

"मग दुसरं कुणी माणूस बसवा."

"कोनाला बसवू? वरच्या आळीचा बसवला का खालची बोंबलते, खालचा बसवला का वरची. माजं माहेर वरच्या आळीत, सासर खालच्या आळीत. म्हनून माज्याव दोगांचा इश्वास."

"पण तुम्हाला जायचंय कुठे?"

बाईंनी गुडघ्याचा पट्टा सारखा केला. मग म्हणाल्या, "पोरगी पेनला दिलीय. पयलं एक पोट गेलं तिचं. आता सातवा लागलाय. पयलं बालंतपन आयशीकडं असतं, पन डाक्टर बोलला, हिला हालवायचं नाय, एसटीत तर बसवायचंच नाय. मंग आयशीनंच जायाला पायजे का नको? मी नाय गेली तर तिच्याजवल कोन हाय गो?" शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं.

काकांनी पितळेची चावी उचलली, तोलून पाहिली. "पायऱ्या किती?"

"मी कवा मोजल्या नायत."

"मी मोजतो," काका म्हणाले.

एकशे बेचाळीस निघाल्या. काकांना दमा होता, हे सांगायचं राहिलं. तीन छोटे खोकले आणि मग एक लांब, शिट्टीसारखा, असा त्यांचा ठरलेला खोकला. बाजारात अंधार असला तरी त्या खोकल्यावरून काका आले हे कळायचं. एकशे बेचाळीस पायऱ्यांना ते अकरा वेळा थांबले. हेही त्यांनीच मोजलं.

पंचायतीची परवानगी मिळाली, होळी झाली आणि दोन झडपा, एक पेटी, पेटीत चार सेल, असं सगळं टाकीवर बसलं. पेटीला कुलूप. हाताने फिरवायचे जुने वॉल्व्ह तसेच ठेवून फक्त उघडे करून टाकले. पहिल्या दिवशी पहाटे दोन्ही आळ्या टेकडीवर हजर! पाच वाजले, पेटीतून 'टक्' असा एक आवाज आला, पाल चुकचुकली तर जास्त मोठा येईल इतका बारीक. झालं, पाणी सुटलं होतं.

पण लोकांना पटेना. पाइप लांब, पाणी नळाला पोचायला दहा मिनिटं लागायची. त्या दहा मिनिटांत वरच्या आळीचे तात्या पेटीला कान लावून उभे राहिले. तात्या म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. "आवाज नाय, बत्ती नाय, गरम बी लागत नाय. मंग चालू कशावरून?" मी समजावलं, तात्या, ती कडी आहे, एकदा लागली की गप्प. तात्या म्हणाले, "अवो बाई, गाडी सुटायच्या आधी डबल बेल तरी पायजे का नको?"

पारूबाई मात्र पाणी नळाला आलेलं बघून दुपारच्या गाडीने पेणला गेल्या. जाताना चावी काकांच्या हातात दिली. "मशीन बंद पडला तर मला सांगा. मी उलट्या पावली येते."

"पडणार नाही," काका म्हणाले. असं ठाम ते सहसा बोलत नसत.

पुढच्या आठवड्यात काकांनी मला तपासायला एकटीला पाठवलं. बघते तर पेटीवर दगडाचे ओरखडे. दोन्ही आळ्यांचे लोक पहाटे वर येऊन पेटी ठोकून बघत होते, जिवंत आहे का! आणखी आठ दिवस असंच चाललं असतं तर पेटी फुटली असती. मी म्हटलं, चला, मिटवून टाकू. पिशवीत छोट्या बत्त्या होत्याच. दोन काढल्या, एक लाल, एक हिरवी. खालच्या आळीची झडप उघडी असली की हिरवी, वरच्या आळीची असली की लाल. अंगणातून अंधारात दिसतील अशा बसवल्या.

तर वरची आळी भडकली. "आमाला लाल कशापाई? लाल म्हंजे थांबा!" तात्यांनी तर एसटीतल्या नोकरीची शपथ घेतली. दोन तास पंचायत बसली. शेवटी वरच्या आळीला पिवळी दिली आणि दोघांच्या मध्ये, पाणी कुणाचंच नसेल तेव्हा, लाल. म्हणजे चोवीस तास एक तरी बत्ती जळतच राहणार. वाडी खूश. म्हाताऱ्या अंगणात बसून "आपली लागली गो" म्हणत हंडे उचलायला लागल्या. मला नारळ दिला. मी रोह्याला परत येताना अशी फुशारले होते, की काय सांगू. काकांना म्हटलं, सगळं ठीक आहे. बत्त्यांचं बोललेच नाही. घरजावयाचं नाव काढायची हिंमत कुणाची?

त्यानंतर सतरा दिवसांनी काका स्वतः सेल तपासायला गेले. दुपारी परत आले, चेहरा नेहमीसारखाच. म्हणाले, "डिप्लोमा, पुण्याला लिही. त्या झडपेच्या आतलं रबर एक मागव. असू दे जादाचं." मी पत्र टाकलं. परत आले तर म्हणाले, "मी पेणला जातोय. दात दुखतोय. दोन-तीन दिवस लागतील."

दोनाचे चार झाले, चाराचे नऊ. मी दुकान सांभाळत होते, गिऱ्हाइकांना सांगत होते, काकांचा दात, काकांचा दात. आणि नवव्या दिवशी पेल्याकडे लक्ष गेलं. आत कवळी हसत होती. मी कपाळावर हात मारला. अहो, ज्या माणसाच्या तोंडात एक दात नाही, तो नऊ दिवस कुठला दात काढतोय? काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला म्हणाले, गडबला काम आहे, आणि घोंगडी घेऊन गेले. मी एवढं बोलले, एवढं बोलले, शेवटी म्हणाले, बरं."

दुसऱ्या दिवशी पुण्याहून रबराचं पार्सल आलं आणि त्याच दुपारी तात्या बाजाराला म्हणून आले ते दुकानात डोकावले.

"बाई, मशीन झ्याक हाय तुमचा. टायमाला पक्का. बत्त्या बी झकास."

"मग बरं झालं, तात्या."

"फकस्त एक हाय." तात्या काउंटरवर वाकले. "पाटंचं पाच वाजता खोकतं."

"काय करतं?"

"खोकतं. तीन बारकं आन् मंग एक लांब, शिट्टीवानी. पयलं नव्हतं खोकत, हल्लीच लागलंय. तेलबील घालायचं का?"

मी पार्सल उचललं, शटर ओढलं आणि मिळेल ती एसटी पकडली. नागोठण्याला गाडी बदलून गडबला उतरले तेव्हा साडेतीन होत आले होते. वाडीतून न जाता टेकडीच्या मागच्या बाजूने, खाणीच्या वाटेने चढले. टाकीच्या आडोशाला, वाडीतून दिसणार नाही अशा जागी, पोत्यावर काका बसले होते. शेजारी गजराचं घड्याळ, थर्मास आणि घोंगडी. हातात पारूबाईंची पितळेची चावी. पाय सुजले होते. डोळे खोल गेले होते.

"दात निघाला का?" मी विचारलं.

काका दचकले. मग माझ्या हातातल्या पार्सलकडे पाहून म्हणाले, "रबर आलं?"

काय झालं होतं ते मला पेटीकडे बघूनच कळलं. चोवीस तास जळणाऱ्या बत्तीने सेल खाऊन टाकले. मेलेल्या सेलांनी अर्धाच झटका दिला, खालच्या आळीची झडप अर्धवट उघडून अडकली, तिच्यात गाळ बसला आणि आतलं रबर फाटलं. काकांनी ती झडप काढून तिथे पाइपाचा तुकडा बसवला होता आणि जुने वॉल्व्ह ते स्वतः हाताने फिरवत होते. पहाटे पाचला, सहाला, सातला, आणि संध्याकाळी पुन्हा. मधल्या वेळात मागून उतरून गडबला कवळीवाचून जमेल तो वरणभात जेवायचे आणि परत चढायचे.

"काका, बत्ती मी लावली," मी म्हटलं.

"माहीत आहे. सोल्डर तुझंच आहे. पक्कं केलंस, इतका धक्का बसून सुटलं नाही."

"मग मला ओरडला का नाहीत?"

"एकदा ओरडलो असतो, की तू जन्मभर तेच धरून बसली असतीस. तुझी कडी फार घट्ट आहे, डिप्लोमा."

मी रडले. सांगायला लाज कसली, चांगली हुंदके देऊन रडले. काका अस्वस्थ होऊन घड्याळाकडे बघत राहिले.

"निदान मला सांगायचं तरी! मी आले असते. पाळी लावून घेतली असती."

"दोघं दिसलो असतो तर वाडीला कळलं असतं. वाडीला कळलं की पेणला कळतं. पेणला कळलं की बाई पहिल्या एसटीने परत. तिची पोरगी तिकडे एकटी." ते खोकले. "मी तिला म्हटलं होतं, पडणार नाही."

तेवढ्यात माझं लक्ष पेटीवर गेलं. लाल बत्ती मजेत जळत होती.

"ही कशी चालू?"

"ती विझली असती तर सगळी वाडी वर आली असती. तिला वेगळे सेल आणून दिलेत." काकांनी बत्तीकडे असं पाहिलं, की मला रडता रडता हसू फुटलं. "काम मी करतोय, आणि जेवतोय घरजावई. वाडीत नावही त्याचंच."

पाच वाजले. काका गुडघ्यावर हात देऊन उठले, खालच्या आळीचा वॉल्व्ह फिरवला आणि बत्तीचं बटण दाबून लालची हिरवी केली. खालून कुणीतरी म्हणालं, "आपली लागली गो!"

दुसऱ्या दिवशी पहाटेचं पाणी सोडून झाल्यावर आम्ही रबर बदललं, झडप बसवली, नवे सेल घातले. बत्त्या काकांनी स्वतःच्या हाताने कापल्या. त्याऐवजी प्रत्येक पाइपाला एक बारीक नळी काढून तिच्या तोंडावर पत्र्याची रंगीत पट्टी लावली. पाणी सुटलं की पट्टी वर उभी राहते. "पाण्यालाच सांगू दे," काका म्हणाले. वरच्या आळीच्या पट्टीला मी विचारून पिवळा रंग दिला. मशीन पुढे पावसापर्यंत त्याच चार सेलांवर चाललं आणि एकदाही खोकलं नाही. तात्यांनी सगळीकडे सांगितलं, बाईनं तेल घातलं.

पाऊस सुरू झाल्यावर पारूबाई दुकानात आल्या. गुडघ्याचा पट्टा नव्हता. हातात पेढ्यांचा पुडा. "नात झाली. दोगी बी बऱ्या हायत. धा दिस दवाखान्यात होतो, मी खाटंजवलून हालली नाय." मला पेढा दिला, काकांना दिला. काकांनी पेल्यातून कवळी काढून पुसून तोंडात घातली आणि पेढा खाल्ला. मग बाईंनी तिसरा पेढा काढून काउंटरवर, मल्टिमीटरच्या शेजारी ठेवला.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"मशीनचा. त्यानं माजी लाज राखली. टाकीव ठेवला तर कावले खातील, म्हनून हितं ठेवला."

काकांनी हात लांब केला, तो पेढा उचलला आणि तोंडात टाकला.

"अवो! त्यो मशीनचा!" बाई ओरडल्या.

काकांना काहीतरी बोलायचं होतं, पण पेढ्याचा चुरा घशात अडकला. तीन छोटे आणि एक लांब, शिट्टीसारखा. पारूबाईंचा हात पुड्यावर तसाच राहिला. मशीन खोकतं हे तात्यांनी त्यांनाही सांगितलं असणार. त्यांनी काकांच्या पायांकडे पाहिलं. सूज अजून पुरती उतरली नव्हती. मग बाई हळूच म्हणाल्या, "किती येला चडलाव?"

मी काकांकडे बघत राहिले. पेण ते रोहा एसटीचे हिसके मोजणारा, माझ्या शिंका मोजणारा माणूस.

काकांनी कवळी काढून पेल्यात ठेवली.

"मोजलं नाही," ते म्हणाले.